शिंकेसरशी सुटणारे थेंब : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल प्रश्न पाठवा, असं आम्ही सुचवलं होतं. पत्रं आली ती चालण्याबद्दल, कंबरदुखीबद्दल, वजनाबद्दल. पण अनेक पत्रांच्या अगदी शेवटी, सही करायच्या आधी, एक ओळ घाईघाईत लिहिलेली होती : ‘आणखी एक विचारायचं होतं, लघवीचं...’ या वेळी त्या शेवटच्या ओळींनाच उत्तरं देत आहोत. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : पहिलं गरोदरपण आहे, सव्विसावा आठवडा चालू आहे. शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की थोडी लघवी सुटते. आई म्हणते, सगळ्यांनाच होतं, बाळंतपणानंतर आपोआप थांबतं. खरंच थांबतं का? आणि आत्ता व्यायाम केला तर बाळाला धोका नाही ना?

आईंचं अर्धं बरोबर आहे. हे फार जणींना होतं. ‘आपोआप’ या शब्दावर मात्र विसंबू नका. काहींची गळती बाळंतपणानंतर काही आठवड्यांत थांबते, काहींची राहते, आणि जिला गरोदरपणातच गळती सुरू झाली तिला ती पुढेही राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या. कमरेच्या हाडांच्या पोकळीला खालून स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. तिचं एक टोक पुढच्या हाडाला, दुसरं मागे माकडहाडाला. लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा या झोळीतून खाली येतात. शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवीच्या पिशवीवर पडतो. एरवी ही झोळी शिंकेच्या क्षणभर आधीच आवळली जाते, त्यामुळे लघवीची वाट मिटलेली राहते. गरोदरपणात वरून गर्भाशयाचं वजन वाढत जातं, संप्रेरकांमुळे पेशीजाल सैल पडतं, आणि मूत्रपिंडांतून गाळलं जाणारं पाणी जवळजवळ दीडपट होतं. म्हणजे पिशवी लवकर भरते, तिच्यावर ओझं जास्त आणि खालचा आधार ढिला.

तळाच्या या स्नायूंचा व्यायाम निरोगी गरोदरपणात सुरक्षित आहे आणि आजच सुरू करावा (कसा करायचा ते पुढच्या उत्तरात सांगितलं आहे). २०२० साली झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) असं दिसलं, की ज्यांना अजून गळती नव्हती अशा गरोदर स्त्रियांनी हा व्यायाम नीट शिकून केला, तेव्हा शेवटच्या महिन्यांत गळती सुरू होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. म्हणून गळतीची वाट न पाहता हे पहिल्या तपासणीपासूनच शिकवायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. तुम्हाला गळती सुरू झालेली आहे, त्यामुळे तुमचं काम थोडं जास्त आहे. पण उशीर झालेला नाही.

सोबत चालणं, पोहणं, हलका व्यायाम चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतकी धाप. रक्तस्राव होत असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, मुदतीआधी कळा येत असतील, पाणी गेलं असेल किंवा रक्तदाब वाढून गुंतागुंत झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही व्यायाम नको. पाचव्या महिन्यानंतर व्यायामासाठी बराच वेळ उताणं झोपू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. कुशीवर झोपून किंवा बसून करा.

एक युक्ती आजपासून वापरा. शिंक येतेय असं जाणवलं की आधी खालचे स्नायू वर ओढून आवळा, शिंक होऊ द्या, मग सोडा. नाकात हुळहुळलं की आवळायचं, इतकी सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. केगलचा व्यायाम रोज दोनशे वेळा करते, भांडी घासताना, बाळाला पाजताना, जमेल तेव्हा. दोन महिने झाले, फरक शून्य. उलट संध्याकाळी जास्त गळतं. व्यायामच निरुपयोगी आहे का?

तुमच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. व्यायाम निरुपयोगी नाही, पण तो नीट होत नसावा असं दिसतंय, आणि यात तुमची चूक नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तळाच्या स्नायूंचा हा व्यायाम मांडला तेव्हा सोबत स्नायूंचा दाब मोजायचं उपकरणही वापरलं होतं. स्नायू खरोखर आवळला जातोय की नाही, हे आधी तपासायचं, मग व्यायाम द्यायचा, अशी त्यांची पद्धत. व्यायामाचं नाव जगभर पसरलं, तपासणी मागे राहिली. आता बहुतेकींना नुसतं ‘लघवी रोखल्यासारखं करा’ एवढंच सांगितलं जातं.

दोनशेचा आकडा बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करू.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय टेकवा, डोक्याखाली उशी घ्या. एक हात पोटावर ठेवा. दोन श्वास शांत घ्या आणि मांड्या, कुल्ले, जबडा सैल सोडा. आता श्वास सोडता सोडता मागून सुरुवात करा : चारचौघांत वारा सरायला आला आहे आणि तो रोखायचा आहे, असा गुदद्वाराचा भाग आत ओढा. तसाच तो ओढा पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि सगळं मिळून वर, बेंबीच्या दिशेने उचला. ‘आवळणं’ आणि ‘उचलणं’ अशा दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. मग सोडा, आणि तो भाग खाली येऊन सैल झालेला जाणवेपर्यंत थांबा.

बरोबर होतंय का, हे तपासायला योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर, कपड्यावरून चाललं तरी, बोट हलकं टेकवा. आवळलं की ती जागा बोटापासून दूर, आत गेली पाहिजे. ती फुगून बोटावर दाब देत असेल, तर तुम्ही आवळत नसून कुंथत आहात. ही चूक फार जणी करतात आणि तिने नुकसान होतं, कारण शिंकेत जो दाब खाली येतो तोच तुम्ही रोज दोनशे वेळा देताय. आरसा धरून पाहिलं तरी कळतं : आवळताना गुदद्वार आत ओढलं जाताना दिसतं. टाके पूर्ण भरले असतील आणि दुखत नसेल, तर स्वच्छ हाताचं एक बोट योनीत इंचभर आत ठेवून पाहा. बोटाभोवती पकड बसून ते वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. (गरोदर वाचकांनी बोट आत घालून तपासू नये, बाहेरून पाहावं.)

इतर चुका अशा. श्वास कोंडून धरणं, की पोटातला दाब वाढतो. कुल्ले आवळणं. बसल्या जागी अंग किंचित वर उचललं जात असेल तर ते कुल्ल्यांचं काम. मांड्या एकमेकींना चिकटवणं. पोट वरपासून ताठ करणं. बेंबीखाली थोडंसं आत गेलं तर चालतं, फासळ्यांखालचं पोट मात्र मऊच राहिलं पाहिजे.

आता मापं. घड्याळ समोर ठेवा, नीट आवळा आणि पकड केव्हा निसटते ते पाहा. समजा, तीन सेकंदांना निसटली. मग तुमचं माप तीन सेकंद. तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, असं आठ वेळा. मिनिटभर थांबून आठ झटपट आवळण्या : सेकंदभर आवळलं, लगेच सोडलं. हा एक संच, असे दिवसाला तीन. या स्नायूत बराच वेळ टिकणारे तंतू असतात तसे शिंकेला धावून येणारे झटपट तंतूही असतात, म्हणून दोन्ही प्रकार हवेत. साधारण आठवड्याला एक सेकंद वाढवत दहा सेकंद धरणं आणि दहा वेळा करणं इथवर जा. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. उभ्याने माप पुन्हा कमी होईल. तेव्हा तीन-चार सेकंदांवर परत यायला हरकत नाही.

संध्याकाळी जास्त का गळतं? दिवसभर दोनशे आवळण्यांनी स्नायू थकतो. हाताने सकाळपासून दोनशे वेळा वजन उचललं तर संध्याकाळी बादली उचलवणार नाही, तसंच हे. दिवसाला पन्नासच्या आसपास, पण एकेक पूर्ण. आणि भांडी घासताना नको. निदान पहिला महिना तरी लक्ष दुसरीकडे नसावं.

लघवी करताना धार मध्येच थांबवून व्यायाम करू नका. पिशवी रिकामी होत असताना मेंदू तळाच्या स्नायूंना सैल व्हायला सांगत असतो. त्यात वारंवार अडथळा आणला तर लघवी पूर्ण होत नाही आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. स्नायू कुठला हे ओळखायला एखाद्या वेळी थांबवून पाहिलंत तर ठीक, तेवढंच.

असं तीन महिने करा. सहा-आठ आठवड्यांत पहिला फरक जाणवायला हवा. पॅड किती बदलावे लागतात ते लिहून ठेवलंत तर तो दिसतो, नुसत्या आठवणीवर दिसत नाही. दोन आठवड्यांनंतरही बोटाखाली ‘आत जाणं’ जाणवत नसेल, तर या विषयाचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तपासून घ्या. काहींना यंत्रावर स्वतःची पकड बघून शिकणं सोपं जातं.

प्रश्न : छत्तिसावा आठवडा. काल दुपारपासून आतले कपडे ओले होताहेत. लघवीच असेल असं वाटतं. थांबून पाहू का?

थांबू नका, आज तपासून घ्या. लघवी सुटते ती खोकला, शिंक, उठणं अशा निमित्ताने, आणि तिला वास असतो. गर्भजल काही निमित्त नसताना झिरपत राहतं, आवळून थांबत नाही, आणि बराच वेळ झोपून उठल्यावर एकदम येतं. रंग पाण्यासारखा किंवा किंचित फिकट पिवळा. घरी ओळखणं अनेकदा अवघड जातं. कोरडा पॅड ठेवा, तो तसाच डॉक्टरांना दाखवायला न्या. स्राव हिरवट किंवा रक्तमिश्रित असेल, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर या क्षणी निघा.

प्रश्न : चिमटा लावून प्रसूती झाली, आज पाचवा दिवस. टाके आहेत. लघवीची भावनाच होत नाही, उभी राहिले की मात्र पाय ओले. व्यायाम कधी सुरू करू? टाके उसवतील अशी भीती वाटते.

तुमच्या पत्रातली पहिली गोष्ट व्यायामापेक्षा महत्त्वाची आहे. भावना होत नाही आणि उभं राहिल्यावर वाहतं, याचा अर्थ पिशवी तुडुंब भरून वरून सांडत असू शकते. आजच डॉक्टरांना सांगा. लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरली हे सोनोग्राफीच्या छोट्या यंत्राने पाच मिनिटांत कळतं. जास्त उरत असेल तर काही दिवस नळी घालून पिशवीला विश्रांती देतात. ताणलेली पिशवी तशीच राहू दिली तर तिचा स्नायू सैल पडतो आणि पूर्ववत व्हायला आठवडे लागतात.

सगळ्याच बाळंतिणींनी हे लक्षात ठेवावं : प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यानंतर सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे, आणि भरपूर झाली पाहिजे. नुसते चार थेंब आले तर ‘झाली’ असं सांगू नका. कंबरेत भूल दिली असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लागला असेल, प्रसूती लांबली असेल, तर पिशवी भरल्याची जाणीव काही काळ बधिर असते. म्हणून पहिले काही दिवस भावना होवो न होवो, दर तीन-चार तासांनी जाऊन बसायचं. या दिवसांत शरीरातलं साठलेलं पाणी उतरत असतं, लघवी खूप तयार होते. बसताना पाय पूर्ण टेकलेले, अंग पुढे झुकलेलं, अर्धवट उभं राहून नको. टाक्यांवर चुरचुरत असेल तर लघवी होत असतानाच कोमट पाणी ओता. शेवटी कुंथून काढू नका. उठा, दोन पावलं चाला, पुन्हा बसा.

आता व्यायाम. नळी नसेल आणि पिशवी नीट रिकामी होतेय याची खात्री झाली, की कुशीवर झोपून हलक्या आवळण्या सुरू करता येतात. टाके त्याने उसवत नाहीत. हलक्या आवळण्यांनी त्या भागात रक्त खेळतं आणि सूज उतरायला मदतच होते. पूर्ण जोराच्या चौथ्या हिश्श्याने, दोन सेकंद, चार-पाच वेळा, दिवसातून तीनदा एवढंच. दुखलं तर जोर कमी करा. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. प्रसूतीत या स्नायूचा सगळ्यात आतला भाग सुमारे तिप्पट ताणला जातो आणि त्याला संदेश नेणारी मज्जातंतूही ताणली जाते. ती सावरायला काही आठवडे ते काही महिने जातात. तोवर तुम्ही दिलेला संदेश पोचत असतो, उत्तर उशिरा येतं.

शौचाला जाताना टाक्यांवर स्वच्छ पॅड हाताने दाबून धरा. पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांडीवर, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. मल कडक होऊ देऊ नका, लागल्यास डॉक्टरांकडून मल सैल करणारं औषध घ्या. कुंथणं हा या स्नायूंचा सगळ्यात जुना शत्रू आहे.

फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं होतं का, हे डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून घ्या. तसं असेल तर फिजिओथेरपी घ्यायलाच हवी, आणि वारा किंवा शौच रोखता येत नसेल तर ते लाजून लपवू नका.

प्रश्न : माझं सीझर झालं. मग लघवी का गळते?

कारण नऊ महिन्यांचं ओझं तळाच्या स्नायूंनी उचललंच होतं. सीझरने योनीमार्गे होणारा ताण टळतो, गळतीची शक्यता कमी होते, पण शून्य होत नाही. कळा सुरू होऊन, जोर लावून झाल्यावर सीझर करावं लागलं असेल तर फायदा आणखी कमी. व्यायाम तोच, नळी निघाल्यावर सुरू करायचा. उठताना थेट पुढे उठू नका : कुशीवर वळा, श्वास सोडत खालचे स्नायू आवळा, हाताने रेटा देऊन बसा. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका.

पण शस्त्रक्रियेनंतर किंवा फार लांबलेल्या, अडलेल्या प्रसूतीनंतर दिवसरात्र, झोपेतही, सतत झिरपत असेल, तर ते स्नायूंच्या ढिलेपणाचं लक्षण नाही. पिशवी आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलं आहे का, ते तपासावं लागतं. त्याला व्यायाम हा उपाय नव्हे.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं. शिंकताना काही होत नाही, पण कुलूप उघडताना किल्ली हातात घेतली की अशी कळ येते की दारातच सुटते. म्हणून मी दर पाऊण तासाला जाऊन येते, पाणीही कमी केलंय.

ही वेगळी गळती आहे. इथे झाकण ढिलं नाही, पिशवीच नको तेव्हा आकुंचन पावते. दार, किल्ली, नळाचा आवाज या खुणांना ती शिकल्यासारखी प्रतिसाद देते. तुम्ही केलेले दोन्ही उपाय मात्र तिला आणखी बिघडवतात. दर पाऊण तासाला रिकामं केलं की पिशवीला थोड्याशाच लघवीवर हाक मारायची सवय लागते. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होऊन पिशवीला टोचते, वर बद्धकोष्ठता.

आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, ते पाहा. मग तीन दिवसांची नोंद ठेवा : किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिलिलीटर भरली, काय आणि किती प्यायलात, कधी सुटली. साधारणपणे दिवसात सहा ते आठ वेळा आणि दर वेळी दोनशे ते चारशे मिलिलीटर अपेक्षित असतं. तुमच्या वहीत ऐंशी, शंभर, नव्वद असे आकडे येतील असा आमचा अंदाज आहे. तसं असेल तर पिशवी भरायच्या आधीच ओरडतेय.

कळ आली की पळू नका. पळताना पोटाला हिसके बसतात आणि हमखास सुटते. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर खुर्चीच्या कडेवर बसा, म्हणजे खालून दाब मिळतो. पाच-सहा झटपट आवळण्या करा. शंभरापासून सात-सात वजा करत मोजा. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरली की मग सावकाश चालत जा. दाराशी आल्यावर किल्ली काढायच्या आधी हेच करा. दोन जाण्यांमधला वेळ पाऊण तासावरून एक तास, मग सव्वा, असा आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आणा. किमान सहा आठवडे लागतात. मध्ये दोन दिवस वाईट गेले तर मागच्या टप्प्यावर या, सोडून देऊ नका. गरोदर असाल तर हा वेळ वाढवायचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. त्या काळात लघवी तुंबवून ठेवणं बरं नाही.

पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, अंगावर पाजत असाल तर तहानेप्रमाणे जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली की पुरेसं. चहा-कॉफी दोन आठवडे बंद करून पाहा. अनेकींना तेवढ्यानेही कळ सौम्य होते. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असल्याने तिथली त्वचा कोरडी पडते आणि त्यानेही कळ वाढते. आग किंवा कोरडेपणा असेल तर डॉक्टर त्या जागी लावायचं मलम देऊ शकतात.

प्रश्न : बाळंतपणाआधी मी रोज पाच किलोमीटर धावायचे. दहा आठवडे झाले, परवा धावून पाहिलं, दोनशे मीटरवर पॅड भिजला आणि खाली काहीतरी जड उतरल्यासारखं वाटलं. धावणं विसरायचं का?

विसरायचं मुळीच नाही, पुढे ढकलायचं. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतर तीन महिन्यांच्या आत धावू नये, आणि त्यानंतरही तारीख बघून नव्हे, शरीराची परीक्षा घेऊन सुरू करावं. गळती, जडपणा किंवा दुखणं न होता हे जमलं पाहिजे : तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा वेळा थोडं वाकून उठणं, जागच्या जागी मिनिटभर धावणं, उडी घेत पुढे दहा ढांगा, आणि प्रत्येक पायावर दहा वेळा लंगडीसारखं उडणं. शिवाय एका पायावर टाच उचलणं वीस वेळा.

ज्या पायरीवर गळतं तिच्या आधीच्या पायरीवर दोन आठवडे थांबा. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी करा. आधी अंतर वाढवा, वेग नंतर.

तो जडपणा मात्र एकदा दाखवून घ्या. अंग (गर्भाशय किंवा लघवीची पिशवी) खाली सरकत असेल तर संध्याकाळी किंवा उभं राहिल्यावर वाढतं, झोपल्यावर कमी होतं. सौम्य असेल तर व्यायामाने आधार सुधारतो, आणि योनीत बसवायची कडी (पेसरी) घालून अनेकींना धावताही येतं.

प्रश्न : मी आवळण्या सुरू केल्यापासून जास्त दुखतं. लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, संबंध तर अशक्य झालेत. तरी गळतंच.

आवळण्या आज थांबवा. सगळ्यांचे स्नायू ढिले नसतात. काहींचे सतत ताणलेले असतात, टाक्यांच्या दुखण्यामुळे, भीतीमुळे, नाहीतर वर्षानुवर्षं ‘पोट आत’ धरून वावरल्यामुळे. मूठ आधीच घट्ट मिटलेली असेल तर ती आणखी मिटता येत नाही. शिंक येते तेव्हा या स्नायूंकडे द्यायला काही उरत नाही, म्हणून ताण असूनही गळतं.

गुडघे फाकवून, टाचांवर बसून पुढे झुका, कपाळ उशीवर टेकवा. नाकाने श्वास घ्या आणि तो पाठीत, कमरेत, शेवटी बैठकीच्या हाडांमध्ये उतरू द्या. श्वास आत येताना तळ आपोआप खाली पसरतो, त्याला नुसतं पसरू द्या, ढकलू नका. जबडा आणि मुठी सैल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, चार आठवडे. ओटीपोटावर कोमट शेक घ्या. हे सैल सोडणं जमलं की मग हलक्या आवळण्या, आणि धरण्याच्या दुप्पट वेळ सोडणं. फिजिओथेरपिस्टकडे जाणं तुमच्या बाबतीत लांबवू नका, कारण दुखरा बिंदू नेमका कुठे आहे हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न : पत्नीला बाळंतपणानंतर चार महिने हा त्रास आहे. ती बाहेर जाणं टाळते, डॉक्टरांचं नाव काढलं की ‘बायकांचं असतंच’ म्हणते. आम्हाला दुसरं मूल हवं आहे, मग ऑपरेशन आधी की नंतर? मी काय करू?

तुम्ही हे विचारलंत याचं आम्हाला बरं वाटलं. ऑपरेशनचा विचार आत्ता नको. गळतीवरची शस्त्रक्रिया शक्यतो मुलं होऊन गेल्यावर करतात, कारण पुढच्या गरोदरपणात आणि प्रसूतीत तिचा उपयोग कमी होऊ शकतो. आधी तीन महिने कुणीतरी तपासून शिकवलेला व्यायाम, तो दुसऱ्या गरोदरपणाआधी झाला तर उत्तमच.

तुम्ही करायचं ते साधं आहे. दिवसातून तीन वेळा दहा मिनिटं बाळ तुमच्याकडे घ्या, तीच तिच्या व्यायामाची वेळ. जड बादल्या, सामान तुम्ही उचला. लघवीसाठीचे पॅड आणून ठेवा. पाळीचे पॅड लघवी नीट शोषत नाहीत, त्वचा ओली राहून आग होते. पाय बधिर होणं, बैठकीच्या जागेची संवेदना जाणं, लघवी अजिबात न होणं, किंवा थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

एरवीच्या तपासणीला जाताना तीन दिवसांची नोंद सोबत घ्या, आणि निघण्यापूर्वी पत्नीला लघवीला जाऊन यायला सांगू नका. पिशवी थोडी भरलेली असावी. डॉक्टर तिला खोकायला सांगतील, आणि गळती कोणत्या प्रकारची आहे याचा पहिला अंदाज त्या खोकल्यातच येतो.